दीड मिलिमीटरची फट

आमच्या जिन्यात सध्या अशी बातमी आहे की तिसऱ्या मजल्यावरच्या कवळीताईंनी एका गायकाचे समोरचे दोन दात पाडले. तेही भर कार्यक्रमात, शे-सव्वाशे माणसांदेखत. पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत दोनाचे चार झाले होते, आणि तळमजल्यावर तर ताईंनी खुर्ची फेकून मारल्याचं सांगणारेही भेटले.

यातलं खरं एवढंच की दात होते, दोन होते, समोरचे होते, आणि ताईंचं बोट त्या गायकाच्या तोंडात गेलं होतं. पण ताईंनी ते दात पाडले नाहीत. ताईंनी ते केले होते. आणि केले म्हणूनच तर चार दिवस बाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

कवळीताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सव्वीस वर्षांपूर्वी नवरा-बायको इथे राहायला आले, त्याच आठवड्यात तळमजल्यावरच्या आजोबांची कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली. ताईंनी ती रुमालात बांधून नेली आणि दुसऱ्या दिवशी अशी जोडून आणली की आजोबा पुढे नऊ वर्षं त्याच कवळीनं सगळ्यांना टाकून बोलले. नाव चिकटलं ते चिकटलंच.

दातांच्या डॉक्टरकडे आपण आ करून बसतो, तो आपल्याला गुलाबी लगदा चावायला लावतो आणि आठवड्यानं नवा दात बसवून देतो. मधल्या आठवड्यात तो दात येतो कुठून, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. तो कवळीताईंकडून येतो. बाजारामागच्या गल्लीत, एका छापखान्याच्या वर, दोन खोल्यांची लॅब आहे. पुढच्या खोलीत मालकांचं टेबल आणि दात भाजायची भट्टी. मागच्या बिनखिडकीच्या खोलीत ताई आणि फळ्यांवर ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे. रोज आठ-दहा नवे येतात. प्रत्येकावर एक नंबर, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. नाव नाही, चेहरा नाही. पेशंट डॉक्टरचा असतो, लॅबवाल्यानं त्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, हा मालकांचा नियम. मालक अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि हा नियम त्याहून जुना असावा अशा थाटात सांगतात.

याचा परिणाम असा झालाय की ताई माणसं चेहऱ्यानं ओळखतच नाहीत. "काल जिन्यात कोण भेटलं?" असं विचारलं तर म्हणतात, "ते हो, खालची दाढ काढलेले." त्यामुळे आमच्याकडे बरेच जण ताईंशी बोलताना ओठ मिटून हसतात. नाव घेत नाही, पण दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ ताई दिसल्या की खिशातून हातरुमालच काढतात.

आता त्या बँडचं. बँडचं नाव 'दुपारची झोप'. चौघं जण, तीस वर्षं झाली. कुठल्या मोठ्या कंपनीनं त्यांना हात लावला नाही, आणि लावला असता तर ते झटकून मोकळे झाले असते. पहिली कॅसेट त्यांनी ड्रमवाल्याच्या मावशीच्या स्वयंपाकघरात रेकॉर्ड केली. नीट कान दिला तर तिसऱ्या गाण्यात मावशींचा फ्रिज घुरघुरायला लागल्याचं ऐकू येतं. गाणारा उंच, किडकिडीत. त्याला सगळे लंब्या म्हणतात. या लंब्याच्या समोरच्या दोन दातांत फट. 'स' म्हटलं की तिच्यातून बारीक वारा सुटायचा, दाराच्या खालून येतो तसा. आणि या पठ्ठ्यानं गाणं कोणतं बांधावं? 'सावकाश ये, सगळं तसंच आहे.' एका ओळीत तीन 'स'.

ताई लॅबमध्ये लागल्या तेव्हा ही कॅसेट आधीच्या कामगाराच्या टेपरेकॉर्डरमध्ये तशीच राहून गेली होती. नवं शहर, नवरा सोडला तर ओळखीचं माणूस नाही, खोलीला खिडकी नाही. ताई दिवसभर ती कॅसेट ऐकत दात घासायच्या, म्हणजे लोकांचे. 'सावकाश ये' लागलं की लंब्याच्या प्रत्येक 'स'बरोबर ताईही दातांवर दात ठेवून हवा सोडायच्या. स्स्स. समोरच्या जबड्यावरची भुकटी तेवढीच उडायची. मालक पुढच्या खोलीतून ओरडायचे, "कुकर लावलाय का?" अशी सव्वीस वर्षं गेली. टेपरेकॉर्डर जाऊन मोबाइल आला, 'स्स्स' गेलं नाही. पुढे पुढे तर आपण ते करतोय हेही ताईंना कळेनासं झालं.

आणि एवढं असून बाईनं या चौघांना प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. तीनदा बँड या शहरात आला. पहिल्यांदा लेकीला गोवर. दुसऱ्यांदा सासूबाईंचं ऑपरेशन. तिसऱ्यांदा ताई तयार होऊन दारापर्यंत गेल्या, तर ड्रमवाल्याची पाठ धरली म्हणून कार्यक्रमच रद्द. यंदा परगावच्या लेकीनं दोन तिकिटं काढून पाठवली. रविवारी दुपारी चार वाजता, फर्निचरच्या दुकानामागचा हॉल, एकशे वीस खुर्च्या.

ताईंचे यजमान शिवणयंत्रं दुरुस्त करतात. त्यांना गाण्यातलं फक्त यंत्र नीट चालतंय की अडकतंय एवढंच कळतं. तिकिटं पाहून म्हणाले, "झोप घ्यायला खुर्चीवर कशाला जायचं? घरी पलंग आहे."

"तुम्ही घरीच झोपा," ताई म्हणाल्या, "मी शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवीन."

इथवर सगळं आनंदात होतं. घोळ झाला तो गुरुवारी संध्याकाळी.

कॅसेटच्या कव्हरवर चौघांच्या सह्या घ्यायच्या, असं ताईंच्या मनात होतं. त्यांनी कपाटातून कव्हर काढलं, पुसलं, आणि जेवायच्या टेबलावर दिव्याखाली धरलं. चौघं एका भिंतीला टेकून उभे, लंब्या तोंड भरून हसतोय. सव्वीस वर्षं पाहिलेला फोटो. पण ताईंनी त्या दिवशी चष्म्यावर कामाचं भिंग चढवलेलं तसंच होतं.

लंब्याच्या उजव्या सुळ्याशेजारचा दात जरासा वळलेला होता. गर्दीतून वाट काढताना माणूस खांदा तिरका करतो तसा. खालच्या ओळीत मधल्या दाताचा एक कोपरा उडालेला.

ताईंनी कव्हर आणखी डोळ्यांजवळ ओढलं. हा वळलेला दात आणि हा उडालेला कोपरा त्यांनी या सोमवारीच पाहिला होता. प्लास्टरमध्ये.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी ह्यांचे दात केलेत."

यजमान एका यंत्राचं बॉबिन साफ करत होते. "कुणाचे?"

"ह्यांचे."

"चौघांचे?"

"चौघांचे कसे करीन? लंब्याचे. चारशे सतरा नंबर. सोमवारी केले, मंगळवारी गेले."

"मग बरंय की! पहिल्या रांगेत बसवतील."

"मी फट बुजवली."

यजमानांनी बॉबिन खाली ठेवलं. गाण्यातलं कळत नसलं तरी बायकोचा आवाज कळतो त्यांना.

झालं होतं ते असं. लंब्याचे समोरचे दोन दात अर्धे तुटले होते. डॉक्टरांनी ते घासून खुंट केले आणि साचा लॅबला पाठवला. चिठ्ठीत तीनच गोष्टी: समोरच्या दोन कॅप, रंग जरा पिवळट, घाई आहे. ताईंनी पाहिलं, दोन खुंटांमधली जागा चांगलीच जास्त होती. अशा वेळी लॅबवाला करतो तेच त्यांनी केलं. दोन्ही कॅप केसभर रुंद घेतल्या आणि मधली जागा अशी मिटवली की दोरासुद्धा अडखळावा. सव्वीस वर्षांत 'फट बंद करा' म्हणणारे शेकडो आले होते, 'फट ठेवा' म्हणणारा एकही नाही. उलट कॅप डबीत ठेवताना ताई स्वतःवरच खूश झाल्या होत्या. काम करताना कानात कोणतं गाणं चालू होतं, हे आता आठवलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला.

रात्रभर ताई कुशी बदलत राहिल्या. यजमानांनी मध्येच विचारलं, "डॉक्टरनं बसवले असतील का?" ताई म्हणाल्या, "घाई आहे लिहिलं होतं. रविवारचीच घाई."

शुक्रवारी सकाळी सातला, मालकांच्याही आधी, ताई लॅबमध्ये. चारशे सतरा नंबरचा साचा अजून फळीवर होता. त्यांनी तो हातात घेतला आणि कव्हर शेजारी धरलं. वळलेला दात, उडालेला कोपरा. शंकेला जागाच नव्हती. मग त्यांनी फोटोतल्या वळलेल्या दाताची रुंदी मोजली, साच्यातल्या त्याच दाताची मोजली, आणि त्या प्रमाणात फट काढली. दीड मिलिमीटर. एवढ्याशा जागेतून त्यांचं अर्धं आयुष्य वारा खात आलं होतं.

मालक आले तेव्हा ताई साचा मांडीवर घेऊन बसलेल्या.

"काय झालं? जबडा वारला का?"

ताईंनी सगळं सांगितलं. मालकांनी ऐकून घेतलं, डॉक्टरांना फोन लावला, "हो, हो, अच्छा" केलं आणि ठेवला. "पेशंट खूश आहे. कच्च्या सिमेंटवर बसवलेत, पंधरा दिवस वापरून बघ म्हणालेत. मग पक्के करणार. तक्रार नाही."

"गायलेत का ते दात घालून?"

"मला काय माहीत? मी काय त्यांच्या बाथरूमबाहेर उभा होतो?"

"मालक, ते गातील तेव्हा तो 'स' यायचा नाही."

"अगं, बाई, 'स' येईल. चांगला येईल. आतापर्यंत वाईट येत होता."

दातांच्या धंद्यात मालकांचंच बरोबर होतं. तेच तर दुःख होतं.

"आणि हे बघ," मालक म्हणाले, "रविवारी तिथे जाऊन त्या माणसाला काही सांगायचं नाही. पेशंट डॉक्टरचा. लॅबनं मध्ये तोंड घातलं की डॉक्टर दुसरी लॅब धरतो. कळलं?"

"कळलं."

कळलं म्हणाल्या खऱ्या, पण शनिवारी दोन वाजता लॅब बंद व्हायच्या वेळी ताई जागच्या हलल्या नाहीत. पुढ्यात चारशे सतरा नंबरचा साचा, आणि त्यावर दोन नव्या कॅप आकार घेत होत्या. या वेळी रुंदी नेहमीची, आणि मध्ये दीड मिलिमीटर मोकळे. पहिली कॅप त्यांनी दोनदा मोडली. सव्वीस वर्षांत फट बुजवायची सवय बोटांना लागलेली. फट ठेवायची म्हटल्यावर बोटं सारखी आत सरकत होती.

मालकांनी टोपी घातली, दिवे मालवले, दारापर्यंत गेले. ताईंच्या खोलीत डोकावून पाहिलं. नंबर वाचता येईल एवढ्या अंतरावरून पाहिलं. मग निघून गेले. ताई कॅप भाजायला पुढच्या खोलीत आल्या, तर मालकांनी सगळं बंद केलं होतं, भट्टी मात्र चालू ठेवली होती.

रविवारी ताई अकरा वाजल्यापासून तयार. नव्या कॅपची डबी पर्समध्ये, पर्सच्या आतल्या कप्प्यात, कप्प्याची चेन लावलेली. दर दहा मिनिटांनी चेन उघडून डबी आहे का बघायच्या आणि पुन्हा लावायच्या. यजमान शेवटी म्हणाले, "अगं, दात आहेत ते. पळून कुठे जातील?"

"न्यायच्या की नाही, तेच ठरत नाहीये."

"मग आता काय करतेयस?"

"नेतेय. पण देईनच असं नाही."

हॉल म्हणजे फर्निचरच्या दुकानाचं जुनं गोदाम. भिंतीला अजून पॉलिशचा वास. पुढे वीतभर उंचीचं स्टेज, त्यावर चार जुनी वाद्यं आणि माइक. ऐकणारे बहुतेक पन्नाशीचे. सगळे एकदम खुर्च्यांवर बसले तेव्हा इतके गुडघे वाजले की ड्रमवाल्याला वाटलं असेल, कार्यक्रम सुरू झाला. ताईंना चौथ्या रांगेत जागा मिळाली. पुढे एक पांढरा दाढीवाला, बँडचा जुना शर्ट घातलेला, बटणं पोटावर कशीबशी तग धरून.

चौघं आले. टाळ्या झाल्या. लंब्या पाठीत थोडा वाकलाय, केस विरळ झालेत. तो हसला आणि हसताना त्यानं हात तोंडावर नेला नाही. ताईंना आपले दात दिसले. रंग बरोबर जमलाय, त्यांच्या मनात आलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

पहिलं गाणं सुरू झालं. सव्वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर चाललंय, आणि ताईंना गाणं ऐकूच येईना. त्या फक्त 'स'ची वाट पाहत होत्या, जिन्यात परक्या पावलांचा कानोसा घ्यावा तशा. आणि 'स' आला. कोरडा, स्वच्छ, इस्त्री केलेला. बातम्या देणाऱ्या माणसाचा असतो तसा. पुढच्या कडव्यात दुसरा आला, तोही तसाच.

त्यात आणखी एक काळजी: कॅप कच्च्या सिमेंटवर आहेत. लंब्या माइक अगदी दातांना टेकवून गातो. वरची पट्टी लागली की तो मान झटकतो. प्रत्येक झटक्याला ताईंची मूठ वळत होती. निसटली तर? गिळली तर?

दुसऱ्या गाण्यानंतर दाढीवाला शेजाऱ्याला म्हणाला, "आज काहीतरी वेगळं लागतंय, नाही?"

शेजारी म्हणाला, "वय झालं हो."

"हं. ती मजा नाही राहिली."

यजमान ताईंच्या कानाशी आले. "सांगू का त्याला? वय नाही म्हणावं, आमच्या हिनं..."

"गप्प बसा हो!"

"बरं. पण यंत्र तर नीट चालतंय."

"तुम्हाला काय कळतंय!" ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हॉलमध्ये एकशे वीस माणसं होती आणि लंब्याचं काय हरवलंय हे फक्त त्यांना ठाऊक होतं. जे हरवलंय ते त्यांच्या पर्समध्ये होतं. तिथपासून स्टेज बारा पावलं. आणि जायचं नाही.

चौथं गाणं संपलं. लंब्या पाणी प्यायला, त्यानं गिटार सारखी केली. कुणीतरी मागून ओरडलं, "सावकाश ये!" टाळ्या पडल्या. ताईंनी पर्स छातीशी धरली.

या गाण्याची सुरुवात सगळ्यांना पाठ आहे. चार वेळा गिटारीची तार वाजते, मग सगळी वाद्यं थांबतात, आणि पहिली ओळ नुसत्या आवाजावर येते. ना ड्रम, ना काही. लंब्यानं डोळे मिटले. तार चार वेळा वाजली. सगळं थांबलं.

"सावकाश ये..." लंब्या गायला. स्वच्छ. कोरडा.

स्स्स.

हॉलभर ऐकू आलं. ताईंना आधी कळलंच नाही की हे आलं कुठून. मग यजमानांचं कोपर बरगडीत बसलं तेव्हा कळलं. दातांवर दात ठेवून, सव्वीस वर्षांच्या सवयीनं, त्यांनी हवा सोडली होती. कुकरच्या शिटीसारखी.

माना वळल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "काय बाई आहे! टर उडवते काय?" लंब्यानं डोळे उघडले. तो थांबला होता. पुढची ओळ आली नाही. त्यानं डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून खुर्च्यांवरून नजर फिरवली, आणि ताई इतक्या खाली सरकल्या की फक्त अंबाडा दिसत असेल. त्यांना वाटलं, जमीन उघडावी. दात बिघडवले ते बिघडवले, वर भर सभेत चिडवूनही झालं.

लंब्यानं पुन्हा गिटार घेतली. चार वेळा तार. शांतता.

"सावकाश ये..."

स्स्स. या वेळी ताई नव्हत्या. पुढचा दाढीवाला होता. पोटावरची बटणं ताणून, सगळा जीव लावून.

"सगळं..." अर्ध्या हॉलनं हवा सोडली.

"तसंच आहे..." आणि त्या एका 'स'ला सगळा हॉल फुटला. शंभर दारांच्या खालून एकदम वारा सुटावा तसा. म्हणजे हे सगळे जण, आपापल्या घरी, आपापल्या कामाच्या टेबलाशी, इतकी वर्षं हेच करत होते. ताईंना आजवर वाटत होतं, त्या एकट्याच.

पण लंब्याचं काय? त्यानं हात तोंडावर नेला. घट्ट धरला. मग तो मागे वळला आणि त्यानं कपाळ ड्रमवाल्याच्या खांद्यावर टेकवलं. पाठ हलत होती. हसतोय की रडतोय, चौथ्या रांगेतून कळेना. उरलेलं गाणं तिघांनी आणि लोकांनीच म्हटलं. दाढीवाला डोळे पुसत होता. ताईंना मात्र वेगळाच घोर. लोकांना आनंद झाला, पण ज्याचं तोंड, त्याला काय वाटलं? शंभर माणसं एकदम कुणाच्या व्यंगाची नक्कल करायला लागली तर त्याला काय वाटेल? आणि सुरुवात कुणी केली?

कार्यक्रम संपल्यावर स्टेजखाली एक टेबल लागलं. लंब्या सह्या करायला बसला. रांग लागली. ताई रांगेत उभ्या राहिल्या, दोनदा बाहेर पडल्या, दोनदा परत शिरल्या.

"मालक म्हणालेत जायचं नाही," त्या म्हणाल्या.

"मालकांनी भट्टी चालू का ठेवली मग?" यजमान म्हणाले.

"तुम्ही बोला ना."

"मी काय बोलू? शिवणयंत्र बिघडलंय का त्याचं?"

तोवर नंबर आलाच. लंब्यानं वर न बघता पेन उचललं. डोळे लाल होते. "काय नाव लिहू?"

ताईंनी चार दिवस काय काय ठरवलं होतं. माफी मागायची होती, सव्वीस वर्षांचं सांगायचं होतं. तोंडून निघालं ते असं:

"तोंड उघडा."

"अं?"

"उघडा. आ करा. मोठा."

काही आवाजांना माणूस विचार न करता ऐकतो. लंब्यानं आ केला. ताईंनी हात रुमालाला पुसून उजव्या हाताचं बोट आत घातलं आणि दोन्ही कॅप एकेक करून दाबून पाहिल्या. याच घटकेला हॉलच्या मागच्या खुर्चीवरून एक गृहस्थ हातरुमालानं तोंड झाकून उठले आणि मागे न बघता दाराबाहेर पडले. होय, आमचे दुसऱ्या मजल्यावरचे. तेही त्याच बँडचे जुने भक्त निघाले. पुढची बातमी कुठून उगवली ते आता सांगायला नको.

"डावी हललीय," ताई म्हणाल्या. "माइक दाताला लावता ना?"

"आं," लंब्या म्हणाला.

ताईंनी बोट काढलं. आणि मग सगळं एका दमात सांगून टाकलं: लॅब, चारशे सतरा नंबर, कव्हरवरचा वळलेला दात, केसभर रुंद घेतलेल्या कॅप. "मला माहीत नव्हतं हो तुमचं तोंड आहे म्हणून. माहीत असतं तर हात लावला नसता. हे घ्या, फटीसकट केलेत. दीड मिलिमीटर." त्यांनी डबी उघडून सह्यांच्या टेबलावर ठेवली.

लंब्या डबीकडे बघत बसला. मागची रांग चुळबुळायला लागली.

"शाळेत मला खिडकी म्हणायचे," तो म्हणाला. "पन्नास वर्षं हात तोंडावर ठेवून हसलो. या एकाच फोटोत फोटोवाल्यानं बेसावध पकडलं. दात तुटले तेव्हा मी डॉक्टरांना म्हटलं, फट जाईल का? ते म्हणाले, लॅबवाल्यांच्या हातात आहे. मंगळवारपासून मी आरशासमोर उभा राहून नुसता हसतोय. घरच्यांना वाटतंय, मला काहीतरी झालंय."

ताईंच्या तोंडचं पाणीच पळालं. म्हणजे चूक झालीच नव्हती. म्हणजे डबी आणली हीच चूक.

"आणि आज," लंब्या म्हणाला, "तुम्ही सगळे मिळून ती फट परत आणून दिलीत. तिथे उभं राहून मला कळेना, रडू की हसू. ते पहिलं स्स्स कुणी केलं होतं?"

यजमानांनी क्षणाचाही उशीर न करता बायकोकडे बोट दाखवलं. "ही."

लंब्यानं ताईंकडे पाहिलं. मग डबीकडे. मग जिभेनं समोरचे दात चाचपले. "आता मी काय करू, ताई? गाताना मला ते हवेत असं आज वाटायला लागलंय. पण हसताना मला हेच आवडतात."

चार दिवसांत पहिल्यांदा ताईंचा श्वास नीट चालला. त्यांनी डबीचं झाकण लावलं, ती लंब्याच्या शर्टाच्या खिशात घातली आणि वरून थोपटली.

"मग हसताना हे घाला आणि गाताना ते. डॉक्टरांशी मी बोलते, काढता-घालता येतील असे करून देते. आता कव्हरवर सही करा, तोंड मिटा, आणि घरी जाईपर्यंत डाव्या बाजूनं काही चावू नका."